बारावी कॉमर्स, वय 34, राहते जळगावात. परदेशात एमबीबीएस करता येईल का?

ताई, वयाचं सोडा, परदेशी एमबीबीएसलाही लागणाऱ्या नीट या प्रवेश परीक्षेची कमाल वयोमर्यादा 2022 मध्येच काढली. खरी अडचण कॉमर्सची. पण 2023 पासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून दिले तरी नीटला बसता येतं. माझी मावसबहीण भुसावळला दुकान सांभाळून तेच करतेय. गल्ल्याशेजारी केमिस्ट्रीची वही, गिऱ्हाईक गेलं की समीकरण पुढे.

‘नीटशिवाय पाठवतो’ म्हणणाऱ्या एजंटाकडून सरळ उठून या. त्या डिग्रीवर इथे प्रॅक्टिस करता येणार नाही. कोर्स किमान 54 महिन्यांचा, इंग्रजीतून, वर ‌वर्षभराची इंटर्नशिप तिथेच, हे लेखी घ्या. परतल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशी डिग्रीवाल्यांना इथे प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी परीक्षा, आणि पुन्हा इंटर्नशिप. नीटनंतर सात वर्षं धराच. पैशांची सोय तेवढ्या काळाची बघा.