तांडेल मोठा की सारंग?

प्रश्न असा आहे : ‘तांडेल, सारंग आणि नाखवा ही तिन्ही आडनावं कोकणात आहेत. ही आरमारातली पदं होती का, आणि त्यात वरचा कोण?’

जहाज केवढं, यावर उत्तर ठरतं.

सारंग हा शब्द फारसी ‘सरहंग’ म्हणजे नायक, अंमलदार यावरून आला. शिवाजी महाराजांच्या आरमारातला ‘दर्यासारंग’ हा किताब त्याच घरचा. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशांचा मुख्य तो सारंग आणि त्याच्या हाताखालचा मुकादम तो तांडेल. बऱ्याचदा खलाशांची भरती सारंगच करायचा. इंग्रजीने हे दोन्ही शब्द ‘सेरँग’ आणि ‘टिंडल’ असे उचलले. म्हणजे मोठ्या जहाजावर सारंग वरचा, यात शंका नाही.

तांडेलच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मतं आहेत. एक मत त्याला ‘तांडा’ या शब्दाशी जोडतं, तर दुसरं मल्याळममधल्या ‘तंडु’ म्हणजे वल्हं या शब्दाशी. मला दुसरं जास्त पटतं, आणि त्याला कारण आहे आपलं गलबत. अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी मुख्यतः दोन प्रकारची लढाऊ जहाजं होती. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. वजन कमी राहावं म्हणून बहुतेक गलबतांवरचा डेक चिरलेल्या बांबूंचा, त्यावर फक्त लहान फिरत्या तोफा; मोठ्या गलबतांवर पक्का डेक आणि तोफा सहा-आठ, त्याही दोन ते चार पौंडांचा गोळा फेकणाऱ्या, आणि वल्ही मात्र चाळीस-पन्नास! वारा पडला की शत्रूचं शिडाचं जहाज जागीच अडकायचं आणि गलबत मात्र वल्ह्यांवर गुराब ओढत नेऊन शत्रूच्या जहाजाच्या मागच्या अंगाला तोफा लावायचं. उन्हात तापलेल्या डेकवर पन्नास माणसं एका तालात वल्ही मारताहेत, आणि एकाचाही हात चुकला तर शेजारच्या वल्ह्याशी टक्कर! तो ताल सांभाळणाऱ्या माणसाचं नाव वल्ह्यावरून पडलं असेल, तर मला ते अगदी नैसर्गिक वाटतं.

नाखवा म्हणजे फारसी ‘नाखुदा’. नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी. तेव्हा हे कामगाराचं पद नाही, मालकाचं किंवा कप्तानाचं.

आज कोळीवाड्यात जाऊन विचारलं तर होडीचा मालक नाखवा आणि समुद्रात होडी चालवणारा तांडेल. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परतायचं की नाही, हे तोच ठरवतो. त्या होडीवर सारंग नसतोच. मोठ्या जहाजावर दुय्यम असलेला तांडेल इथे कप्तान झाला आहे. त्यामुळे एखाद्या कागदात ‘तांडेल’ दिसला, तर आधी ते जहाज कोणतं ते बघा आणि मगच त्याचा हुद्दा ठरवा.