इंग्लंडमध्ये गैरवर्तनाचा ठपका ठेवून नोकरीवरून काढलं. कंपनीतल्या अपिलाचा निकाल येईपर्यंत एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये (नोकरीचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणात) दावा करायला थांबू का?

अजिबात थांबू नका. अपील चालू असलं तरी दाव्याची मुदत धावतच असते; चांगले दावेही इथेच बुडतात. तीन महिने उणे एक दिवस धरा, म्हणजे १० मार्चला काढलं तर ९ जून. (मुदत सहा महिने करणारा कायदा आलाय, तरी जुनीच धरून चाला.) त्याआत एकॅसला (नोकरीच्या वादात समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवणं सक्तीचं आहे. तिथे समेटाची बोलणी चालू असताना मुदत थांबते. तडजोड नाही झाली तर त्यांच्या प्रमाणपत्राचा क्रमांक घालून ट्रायब्युनलचा ईटी१ हा दाव्याचा फॉर्म ऑनलाइन भरा. २०१७ च्या ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून फी नाही.

युक्तिवादात बहुतेक जण ‘मी हे केलंच नाही’ यावर सगळा जोर लावतात. अन्यायकारक बडतर्फीत ट्रायब्युनल मुख्यतः वेगळंच बघतं: मालकाने नीट चौकशी केली का, आणि एखादा समंजस मालक असा निर्णय घेऊ शकला असता का. म्हणून कोणाचा जबाब घेतला नाही, कुठला ईमेल पाहिला नाही, तुमच्यासारख्याच चुकीवर दुसऱ्याला नुसती ताकीद मिळाली का, ते तारखांसह मांडा. अपमान किती झाला याची पानं कमी करा. आणि नवी नोकरी शोधल्याचे पुरावे जपा, भरपाई ठरवताना ते मागतात.