पाडव्याला निरांजनात वाती किती?

प्रिय मावशी,

मी डोंबिवलीत राहतो, वय ३१. लग्नाला तीन वर्षं झाली. वन रूम किचनमध्ये आई-बाबा, मी आणि ही. पहिला पाडवा सासुरवाडीला झाला, दिवाळसणाला सासऱ्यांनी मला अंगठी घातली. नंतरच्या दोन्ही पाडव्यांना मी हिला ओवाळणीत सोन्याचंच काहीतरी घातलं. यंदा कंपनी तीन महिने अर्धाच पगार देतेय. घरात कुणाला बोललो नाही, कार्डावर भागवतोय. पाडव्यासाठी हातात १,२०० रुपये आहेत. ही म्हणते, मला काही नको. पण आईचा प्रश्न ठरलेला असतो, आणि यंदा दादाने वहिनीला नवीन मंगळसूत्र केलंय. मी १८,००० रुपयांचे कानातले बघून ठेवलेत, कार्डावर घ्यायचे आणि हळूहळू फेडायचे. ही घरी ब्लाउज शिवते, दिवाळीच्या ऑर्डरींमुळे रात्री एक-एकपर्यंत मशीन चालू असतं, त्यामुळे बाहेर कुठे जाणंही होत नाही. घरातच, एवढ्या माणसांत, एवढ्याशा पैशांत पाडवा कसा साजरा करू? आमची पहिली भेट दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर झाली होती. मला अरे-तुरेच करा.

— डोंबिवलीचा एक नवरा

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा १,२०० रुपयांवर नजर गेली. दुसऱ्यांदा ‘घरात कुणाला बोललो नाही’वर अडकले आणि मग तिथून पुढे सरकलेच नाही.

आधी ते कानातले. सोन्याने २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखाची पायरी ओलांडली, हे तुला माहीत आहे. १८,००० रुपयांत घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी धरला तर दीड ग्रॅमही हाताला लागायचं नाही. उद्या मोडायची वेळ आली तर घडणावळ परत मिळत नाही. दागिन्यांच्या खरेदीचे क्रेडिट कार्डावर हप्ते पाडून मिळत नाहीत, म्हणजे तू बिलावरची ‘किमान रक्कम’ भरत राहणार. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. साडेतीन टक्के धर. १८,००० वर महिन्याला ६३० रुपये नुसतं व्याज, वर त्या व्याजावर जीएसटी. तुझ्या अख्ख्या पाडव्याच्या पैशांतले निम्म्याहून जास्त, दर महिन्याला, आणि मुद्दल जिथल्या तिथे. कानातले पुढच्या पाडव्याला जुने होतील, व्याज मात्र ताजंच राहील. ते दुकान सध्या डोक्यातून काढ.

आता न बोललेल्या गोष्टीकडे येते, पण आडवाटेने. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत आमच्या घरातलं सोनं सावकाराच्या पेटीत जाऊन बसलं होतं. पाडव्याच्या आदल्या रात्री आई वाती वळत बसली होती. वडील समोर येऊन बसले आणि म्हणाले, “उद्या ताटात घालायला काही नाही गं.” आईने मान वर न करता विचारलं, “मग मी पण निरांजनात एकच वात लावू का?” वडील इतके हसले, की शेजारच्या खोलीतल्या काकू डोकावून गेल्या. दुसऱ्या दिवशी ताटात आठ आणे पडले. त्यानंतर दर पाडव्याला, पैसे आले तेव्हाही, आई ताट करताना विचारायची, “यंदा वाती किती?” आणि वडील बोटं दाखवायचे.

वडिलांनी ते आदल्या रात्री सांगितलं नसतं, तर ते आठ आणे आईला ताटातच दिसले असते, चार माणसांसमोर. तेव्हा चिडायचं की रडायचं, हे तिला जागेवर ठरवावं लागलं असतं.

तुझ्या बायकोचंही तेच आहे. ‘मला काही नको’चे दोन अर्थ असतात. एक म्हणजे खरंच काही नको. दुसरा, ‘काहीतरी बिनसलंय हे मला कळलंय, तू कधी बोलतोस त्याची वाट बघतेय’. तीन महिने अर्धा पगार आला आणि घरखर्च बघणाऱ्या बाईला समजलं नाही, यावर माझा विश्वास नाही. ती रात्री एकपर्यंत मशीन का चालवते, हे तू स्वतःला विचारलंस का? ऑर्डरी जास्त आल्या म्हणून, की तिने जास्त घेतल्या म्हणून? तुझ्या पत्रात तिचं काम ‘बाहेर जाणं होत नाही’ याचं कारण म्हणून आलंय. मला तर सगळ्या पत्रातली तीच ओळ मोठी वाटली.

तेव्हा आजच बोल. पाडव्याला नको, लक्ष्मीपूजनाला तर मुळीच नको. आज, मशीन थांबल्यावर. आकडे सांग: पगार किती आला, कार्डावर किती चढले, पाडव्याला १,२०० आहेत. कारणं आणि कंपनीच्या सायबाची उणीदुणी नंतर. ती चिडली तर चिडू दे. चिडेल ती पैशांवरून नाही, लपवलंस म्हणून.

आईशीही तूच बोलायचंस. ओवाळणी किती पडली हे सासूने सुनेला विचारण्याआधी मुलाने आईच्या कानावर घालायचं असतं. “आई, यंदा सोनं नाही, आणि त्यावरून तिला कुणी काही बोलायचं नाही,” एवढं पुरे. दादाच्या मंगळसूत्राचं मनापासून कौतुक कर आणि विषय सोडून दे. पाडव्याला बायका ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. त्यात वहिनीच्या गळ्यातल्याचा कुठे उल्लेख नाही.

आता साजरं कसं करायचं ते सांगते. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग.

दिवाळीला आठवडा असताना ब्लाउज शिवणाऱ्या बाईला गुलाब नको असतात, झोप हवी असते. हुक लावायला शीक. हसू नकोस. ब्लाउज शिवून झाला तरी हुक आणि काज हातानेच करायचे राहतात, आणि रात्री बाराला डोळे ताणून ते करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. टाका बाहेरच्या बाजूने दिसता कामा नये, दोरा दुहेरी, गाठ आतून. पहिले चार ब्लाउज ती उसवायला लावेल, पाचव्यापासून नाही लावणार. रोज जेवणानंतर तासभर तिच्याशेजारी बसून हुक लावलेस, तर तुमचा पाडवा आठ दिवस आधीच सुरू झाला असं समज.

तिच्या मशीनला चिकटवायचा छोटा एलईडी दिवा मिळतो, दोन-अडीचशेत. तो आजच आण. पण त्याला ओवाळणी म्हणू नकोस! पाडव्याला मिक्सर, कुकर आणि इस्त्री देणाऱ्या नवऱ्यांची पत्रं नाही, त्यांच्या बायकांची पत्रं मला येतात. कामाची वस्तू ही घरातली गरज, ती कुठल्याही मंगळवारी आणायची असते.

ओवाळणीत खण घाल. आपला साधा खणाचा ब्लाउजपीस, अंजिरी किंवा हिरवा, ती जो रंग सहसा दुसऱ्यांसाठी निवडते तो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागाचा मिळाला तर उत्तम, पण तो महाग पडेल. पॉवरलूमचा दोन-अडीचशेच्या आसपास बसतो. फक्त कापडाच्या बाबतीत तिला थापा मारू नकोस, ती दोन बोटांत धरून सांगेल कुठला आहे ते. आणि खणाबरोबर एक अट ताटात ठेव: दिवाळीनंतर मशीनवर पहिला ब्लाउज तिचा स्वतःचा शिवला जाईल, गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. गावाचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईचा स्वतःचा ब्लाउज तीन-तीन महिने बिनअस्तराचा पडून असतो, हे मी माझ्या शिवणाऱ्या बाईकडे डोळ्यांनी पाहिलंय.

गजऱ्याच्या मागे लागू नकोस. मोगरा उन्हाळ्याचा, दिवाळीत त्याचा भाव ऐकून तुझी हौस फिटेल. शेवंतीची नाहीतर अबोलीची वेणी घे. आणि आणल्यावर फ्रीजमध्ये अंड्यांच्या शेजारी कोंबू नकोस, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेव.

पाडव्याच्या पहाटे रिवाजाप्रमाणे बायको नवऱ्याला तेल लावते. यंदा आधी तू तिला लाव. पाणी तू तापव, उटणं तू कालव, आणि तिच्या डोक्याला, मानेला, दोन्ही खांद्यांना कोमट तेल लाव. महिनाभर मशीनवर वाकून तिची मान दगड झाली असेल. अंगठा मानेच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर ने, हाडावर दाबू नकोस. आई-बाबा घरात आहेत म्हणून संकोच वाटेल. वाटू दे. डोक्याला तेल लावायला कुणाची परवानगी लागत नाही. कदाचित बाबाही आईसाठी तेलाची वाटी शोधतील. त्या दिवशी आईही बाबांना ओवाळणार आहेच, तेव्हा बाबांच्या हातातही एक पाकीट आधीच सरकवून ठेव. म्हातारी माणसं ऐन वेळी खिसे चाचपतात.

फडके रोडला जा, पण पाडव्याला नको, नरकचतुर्दशीला पहाटे जा, जशी तेव्हा गेली होती तुमची दोन टोळकी. झब्बा-साडी, गणेश मंदिरात दर्शन, मग त्या गर्दीत तिला पहिल्यांदा जिथे पाहिलंस तिथे दोन मिनिटं उभे राहा. एक कटिंग चहा दोघांत. खर्च काही नाही, आणि तिथली नवी पोरं-पोरी एकमेकांना चोरून बघताना दिसतील ती करमणूक वेगळी.

दुपारचं जेवण आईचं. श्रीखंड-पुरी असेल, मोडता घालू नकोस. रात्र तुझी. तोवर चार दिवसांच्या चकल्या-करंज्यांनी घराघरात जिभा मेलेल्या असतात, कुणालाही साधं, गरम, पातळ काहीतरी हवं असतं. तू चकोल्या कर. काही घरांत वरणफळं म्हणतात. तुरीच्या डाळीचं वरण चांगलं घोटून घे, मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला. भरपूर पाणी घालून खळखळ उकळू दे. कणकेत थोडं तेल, तिखट, मीठ घालून घट्ट मळ, पोळी लाट, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे काप. आता नीट ऐक: फळं एकदम ओतू नकोस. उकळी चालू असताना एकेक सोड आणि मधूनमधून हलव, नाहीतर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो आणि तो तुला कापून वाढावा लागतो. पीठ शिजलं की तुकडे जड होऊन खाली बसत नाहीत, वर तरंगतात. आमटी तुला वाटते त्यापेक्षा पातळ ठेव, कारण फळं रस पितात. वरून तूप, हात आखडता न घेता. या आठवड्यात एकदा करून बघ, पहिला प्रयोग पाडव्याला नको.

आई-बाबांना ताटं गरम गरम वाढ. तुमच्या दोघांचं मात्र झाकणाच्या डब्यात भर, दोन चमचे, एक चटई, आणि गच्चीवर जा. वन रूम किचनमध्ये नवरा-बायकोला एकान्त म्हणून जी काही जागा असते ती गच्चीच. त्या रात्री तिथून सगळ्या डोंबिवलीचे कंदील दिसतात, फटाक्यांचा धूर खालच्या खाली राहतो, आणि एका डब्यात दोघांनी जेवायला कुणाला काही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. मोबाइल खाली ठेवून जा. स्टेटसला कोणी काय घातलंय ते दुसऱ्या दिवशीही तिथेच असतं.

१,२०० तले निम्मे उरतील. ते तिच्या हातात दे, कार्डाच्या बिलात भरायला की अस्तराचं कापड आणायला हे तिला ठरवू दे.

आणि एक. गच्चीची चावी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते, आणि सेक्रेटरी लक्ष्मीपूजन उरकून गावाला जातात. ती आजच मागून ठेव.

— मावशी