बेळगावात राहणाऱ्याला इलेक्ट्रिक गाडीची रेंज नेमकी किती लागते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर शहापुरात, काम मच्छे येथील कारखान्यात, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. वर्षातून सहा-सात वेळा कोल्हापूरला पाहुण्यांकडे आणि एक-दोनदा गोव्याला जाणे होते. मग कागदावर ३१५ किलोमीटर रेंज असलेली लहान गाडी घ्यावी, की चार लाख रुपये जादा मोजून साडेचारशेच्या पुढची घ्यावी? गाडी रात्री गल्लीतच उभी असते, हेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येतो, कारण माझ्या मते निम्मे उत्तर तिथेच आहे.

मी खानापूरला राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला येतो, म्हणजे रोजचे सुमारे ५२ किलोमीटर. माझी गाडी तुम्ही पाहत आहात त्याच वर्गातली, २४ किलोवॅट-तासांच्या (म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत २४ युनिटांच्या) बॅटरीची आहे आणि तिला तीन वर्षे पूर्ण झाली आहेत. गाडीच्या खणात एक वही ठेवली असून तिच्यात त्या दिवसाचे किलोमीटर आणि उरलेली टक्केवारी लिहिण्याची सवय मी पहिल्या दिवसापासून लावून घेतली. घरचे हसतात, पण तुम्हाला उत्तर देताना तीच वही उपयोगी पडते आहे. तीन वर्षांत दीडशे किलोमीटरच्या वर गाडी चालली असे दिवस वहीत फक्त ३१ आहेत.

आधी कागदावरच्या आकड्याविषयी. आपल्याकडे गाड्यांची रेंज ज्या ठरावीक चाचणीवर मोजतात, तिच्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, बराचसा भाग शहरी संथ चालीचा असतो आणि एसी बंद असतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर संकेश्वरच्या पुढे मोकळा रस्ता लागला की आपण कोणीही तसे चालवत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो आणि त्याची किंमत बॅटरी मोजते. माझ्या गाडीला एका युनिटमागे सरासरी आठ किलोमीटर पडतात, जुलैच्या पावसात पाणी साचलेल्या रस्त्यावर साडेसातच्या खाली येतात आणि महामार्गावर एसी लावून १०० ने गेलो तर साडेसहाच्या आसपास. म्हणजे कागदावरचे ३१५ हे रोजच्या वापरात १९० आणि घाईच्या प्रवासात १५५ धरावेत. परदेशी लेखांत थंडीमुळे रेंज एकदम घटल्याची वर्णने येतात, तिकडे मात्र लक्ष देऊ नका. बेळगावची थंडी स्वेटर काढायला लावते, बॅटरीला तिची विशेष झळ नाही.

गोव्याचा रस्ता हे निराळे प्रकरण आहे. चोर्ला घाटाने पणजी सव्वाशे किलोमीटर पडते आणि जांबोटी, कणकुंबीपर्यंतचा पठारी रस्ता संपला की गाडी साडेसातशे मीटरच्या आसपास खाली उतरते. उतरताना मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते, त्यामुळे घाटाखालच्या साखळी गावात पोचेपर्यंत पडद्यावरचा उरलेल्या किलोमीटरांचा आकडा कमी होण्याऐवजी चक्क वाढलेला दिसतो. पहिल्या वेळी मी त्या आकड्यावर भाळलो. तो आकडा मागच्या काही किलोमीटरांच्या चालीवरून काढलेला अंदाज असतो, पुढे चढ आहे हे त्याला ठाऊक नसते. माणसे आणि सामान धरून १४०० किलोंची गाडी साडेसातशे मीटर उचलायची तर नुसत्या उंचीपोटी २.९ युनिटे लागतात, मोटरमधील व इतर तूट धरली तर सव्वातीन. म्हणजे सपाटीवर २६ किलोमीटर चालली असती तेवढी बॅटरी घाटातच जाते. परतीच्या प्रवासात वाटेवरच्या एका हॉटेलातले जलद चार्जिंगचे यंत्र बंद निघाले आणि घाट चढून कणकुंबीत आलो तेव्हा बॅटरी ९ टक्क्यांवर होती. तिथून खानापूर गाठण्याचे धाडस न करता एका ओळखीच्या दुकानदाराकडे दोन तास थांबलो, त्याच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला वायर लावली आणि त्याच्याकडची भजी खाल्ली.

मोठी बॅटरी असती तर ते दोन तास वाचले असते, हे खरे आहे. पण तीन वर्षांत असा प्रसंग एकदाच आला, आणि तोही परतताना साखळीत दुसरे यंत्र शोधण्याचा कंटाळा केल्यामुळे.

तुमच्या कोल्हापूरचा हिशेब मात्र मी सविस्तर मांडतो, कारण तुमचा निर्णय त्यावरच अडलेला दिसतो. बेळगाव-कोल्हापूर ११० किलोमीटर. ८० ते ८५ चा वेग ठेवून एसीसह गेलात तर लहान गाडीला १७० ते १८० किलोमीटर मिळतील, म्हणजे पोचल्यावर साठ-सत्तर शिल्लक. तिथे लग्न असो की बारसे, पंगत उठून निरोप घेईपर्यंत तीन तास सहज जातात. तेवढ्या वेळात पाहुण्यांच्या घरच्या सॉकेटवरून साधारण आठ युनिटे आत जातात, म्हणजे आणखी साठ किलोमीटर. परतीचे ११० भागून थोडी शिल्लकही राहते. घाई असेल तर जलद चार्जरवर १० वरून ८० टक्क्यांपर्यंत पाऊण ते एक तास लागतो. कुठेही न थांबता त्याच दिवशी २२० किलोमीटर करायचे असतील आणि शेवटी पंधरा टक्के राखून ठेवायचे असतील, तर मात्र खरी २६० किलोमीटरची रेंज हवी आणि तिथे तुमची दुसरी गाडीच घ्यावी लागेल. वर्षातल्या सहा-सात दिवसांसाठी चार लाख मोजणे मला पटत नाही. रोज निपाणीहून बेळगावला ये-जा करणाऱ्याने, म्हणजे रोज दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याने हाच प्रश्न विचारला असता, तर मी क्षणभरही विचार न करता मोठी बॅटरी घ्या म्हणालो असतो.

पाहुण्यांच्या सॉकेटबद्दल एक सावधगिरी. गाडीसोबत मिळणारा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर लाल दिवा दाखवून वीज घेण्यास साफ नकार देतो, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची वायर बहुधा बोर्डापर्यंत येऊन तिथेच संपलेली असते. माझ्या घरीही पहिली रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी वायरमनने परसात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरून तांब्याची पट्टी पुरली, वर दोन बादल्या पाणी ओतले, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. साधा एक्स्टेन्शन बोर्ड तर वापरूच नये; आठ-आठ तास पंधरा अँपिअर वाहून त्याची भोके तपकिरी पडलेली मी पाहिली आहेत.

आता तुमच्या गल्लीकडे. घरी सॉकेट नसेल तर साडेचारशेची गाडीही संपतेच. फक्त आठवड्याऐवजी दहा-पंधरा दिवसांनी संपते. खिडकीतून वायर काढून गल्ली ओलांडणे धोक्याचे आहे आणि शेजाऱ्यांशी वाद ओढवून घेणारेही. परंतु तुमचे आठवड्याचे धावणे सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच आहे, आणि तेवढे लहान गाडीत एका चार्जवर बसते. म्हणून शोरूमला जाण्याआधी कारखान्याच्या मालकांना विचारा की आठवड्यातून एक दिवस, पाळीच्या आठ तासांत, पार्किंगजवळच्या एका सॉकेटवर गाडी लावू देतील का. वीस-बावीस युनिटांचे पैसे देऊ करा आणि उपमीटर बसवून देण्याचीही तयारी दाखवा. शनिवारी मच्छेत गाडी भरली की रविवारचे कोल्हापूर त्यात आणि पाहुण्यांकडच्या सॉकेटवर निघते. मालकांनी होकार दिला तर लहान गाडी निःशंकपणे घ्या. नकार दिला आणि घराजवळ भाड्याने सॉकेटसह जागाही मिळाली नाही, तर मोठी गाडी घेण्यापेक्षा सध्याची पेट्रोलची गाडी आणखी दोन वर्षे चालवा, असे मी म्हणेन.

चाचणीसाठी गाडी हातात येईल तेव्हा कॅम्पात दोन फेऱ्या मारून परत देऊ नका. एसी लावून, चार माणसे बसवून जांबोटीपर्यंत जाऊन या आणि पडद्यावर उरलेल्या किलोमीटरांऐवजी एका युनिटमागे किती किलोमीटर पडले तो आकडा लिहून घ्या. त्याला बॅटरीच्या युनिटांनी गुणून आलेल्या संख्येतून पंधरा टक्के वजा केले, की राखीव सोडून निर्धास्तपणे वापरता येईल अशी रेंज तुमच्या हातात येते.