नमुन्याची डबी तू का नेलीस?

ताई,
मी 34 वर्षांची, नवरा 37 चा. तीन वर्षं मूल हवंय म्हणून प्रयत्न करतोय. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, शेवटी दुर्बिणीतूनही पाहिलं. सगळं नॉर्मल. मग नवऱ्याची वीर्यतपासणी सांगितली. तो कामात असतो, अशा गोष्टींनी अवघडतोही, म्हणून नमुना घरीच घेतला आणि डबी मीच पर्समधून लॅबला नेऊन दिली. शुक्राणूंचा काउंट मिलिलिटरमागे 40 लाख आला, हालचालही कमी. डॉक्टर म्हणाल्या, आता थेट इक्सी (टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रकार) करू, पुढच्या पाळीपासून तुमची इंजेक्शनं सुरू. नाहीतर डोनर स्पर्मचा, म्हणजे दुसऱ्या पुरुषाच्या शुक्राणूंचा विचार करा. मी रात्ररात्र वाचत बसते आणि आणखी गोंधळते. नवरा फार हळवा आहे, त्याला ‘थोडं कमी आहे’ एवढंच सांगितलंय. त्याला न दुखावता यातलं काय निवडू?
— नाव छापू नका

इक्सी की डोनर, हे मी तुला आज सांगणार नाही. तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशीच मी अडून बसले आहे. डबी तू नेलीस. का?

आधी त्या डबीचंच बोलू. घरी घेतलेला नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, तोही अंगाच्या उबेला सांभाळून. उशीर झाला किंवा गारठा लागला तर शुक्राणूंची हालचाल मंदावते. पहिला भाग डबीबाहेर सांडला तर काउंट घसरतो, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा. म्हणून तर लॅबच्या फॉर्मवर विचारलेलं असतं: शेवटचा संबंध कधी, नमुना किती वाजता घेतला, काही सांडलं का. तो फॉर्मही तूच भरला असशील. पण यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं फक्त त्याच्याकडे होती, आणि तो तिथे नव्हता.

डबी पर्समध्ये नेल्यामुळेच रिपोर्ट चुकला असं मी म्हणत नाही. तो खराही असेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ठरवलेली खालची मर्यादा मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख आहे. तिच्यापुढे 40 लाख कमीच, यात वाद नाही. पण एका नमुन्यावर निदान करत नाहीत. एकाच माणसाचा काउंट दोन वेळच्या तपासण्यांत खूप वेगळा येऊ शकतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढचा प्रवास धरून तीन महिने म्हण. या तीन महिन्यांत त्याला सणसणीत ताप येऊन गेला असेल तरी आकडा खाली येतो. आला होता का? हे त्याला कुणी विचारलं?

आता तपासण्यांची यादी बघ. तुझं रक्त झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या झाल्या. भूल घेऊन पोटात दुर्बीणही घालून घेतलीस. त्याच्या नावावर फक्त एक कागद. एकाही डॉक्टरने त्याला समोर उभं करून हाताने तपासलेलं नाही. आणि आता त्याच्या शुक्राणूंवरचा उपाय म्हणून दहा-बारा दिवस इंजेक्शनं तू टोचून घेणार, अंडाशय सुजण्याचा धोका तू पत्करणार, स्त्रीबीजं काढायला पुन्हा टेबलावर तू झोपणार. हे वाचताना मला राग आला, आणि सगळा त्याच्यावर नाही आला. तुझ्यावरही आला.

पुरुषाला तपासून काय मिळतं ते सांगते. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं. मूल होण्यात अडचण असलेल्या पुरुषांत हे बरंच आढळतं, आणि मोठं असेल तर डॉक्टरांच्या बोटांना लागतं. त्याचं ऑपरेशन आहे, अनेकांचा काउंट त्यानंतर तीन ते सहा महिन्यांत सुधारतो. वृषणांचा आकार, वीर्यवाहिन्या जागेवर आहेत की नाही, हेही हातालाच कळतं. क्वचित अशा तपासणीत वृषणातली गाठ सापडते, आणि ती लवकर सापडली तर उपचारांना फार चांगलं यश येतं. म्हणजे हा प्रश्न फक्त बाळाचा नाही, त्याच्या तब्येतीचाही आहे.

मग रक्तातले हार्मोन्स: शुक्राणू तयार करायला वृषणांना चालना देणारं एफएसएच, आणि पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन. त्याच्या जोडीला एक साधा प्रश्न, जो बायकोसमोर बरेच पुरुष टाळतात: अंग कमवायला किंवा उत्साह वाटावा म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा जेल घेतोस का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळायला लागलं की मेंदूतली पियुषिका ग्रंथी वृषणांना संदेश पाठवणं थांबवते. दंड भरतात आणि शुक्राणू आटतात, कधी पार शून्यावर येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते बंद केलं की बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. तुझा नवरा असलं काही घेत असेल असं मला म्हणायचं नाही. पण घेत असला, तर इक्सीच्या आधी तेच थांबवायला हवं.

काउंट फारच कमी असेल तर गुणसूत्रांची तपासणीही सांगतात. वाय गुणसूत्राचा एखादा तुकडा गळलेला असला आणि इक्सीने तुम्हाला मुलगा झाला, तर तोच दोष त्याच्याकडे जाणार. हे आधी कळलेलं बरं.

इक्सीबद्दल माझं मन वाईट नाही. 1992 मध्ये इक्सीच्या पहिल्या बाळांची नोंद झाली. एकच शुक्राणू निवडून सुईने थेट स्त्रीबीजात सोडायचा, अशी ती पद्धत. त्याआधी फार कमी काउंट असलेल्या पुरुषांना स्वतःचं मूल होण्याची आशा जवळजवळ नव्हती. आज वीर्यात एकही शुक्राणू नसला तरी काहींच्या वृषणातून ते काढता येतात. तुम्हालाही कदाचित इक्सीच करावी लागेल. दुसऱ्या तपासणीत आकडा बराच वर आला तर आययूआयवरही भागेल, म्हणजे लॅबमध्ये धुतलेला वीर्याचा नमुना नळीने गर्भाशयात सोडायचा. पण धुतलेल्या नमुन्यात हलणारे शुक्राणू 50 लाखांच्या खाली असले की आययूआयमध्ये यश फार कमी, तेव्हा त्यात महिने घालवू नका.

आता ‘हळवा’ या शब्दाकडे येते. तू त्याला ‘थोडं कमी आहे’ म्हणालीस. 40 लाख म्हणजे थोडं कमी नव्हे, हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू जागतेस. त्याला माहीत नाही, म्हणून तो झोपतो. तो मदतीला येत नाही, असं तू उघड लिहिलेलं नाहीस, पण तुझ्या पत्रातून ते जाणवतं. अगं, त्याला खरं कळलंच नाही तर तो येणार कसा? ज्याचं शरीर, ज्याचा रिपोर्ट, त्यालाच तू बाजूला ठेवलंस आणि वर त्याला न दुखावता निवडायला निघालीस. डोनर स्पर्म हा चांगला मार्ग आहे, अनेक जोडप्यांनी आनंदाने घेतलेला. पण तो दोघांनी मिळून ठरवायचा असतो. त्याच्या मनाची तयारी व्हायला वेळ लागेल आणि तो वेळ अजून सुरूच झालेला नाही. हा आकडा एक दिवस त्याला कळणारच आहे. तुझ्याकडून कळला तर त्याला दुःख होईल. दवाखान्यात कुणा तिसऱ्याकडून कळला तर ‘माझ्यापासून लपवलंस’ हे दुःख त्यात मिळेल.

तो रडेल. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. रडू दे. 37 वर्षांचा माणूस आहे, एवढं झेपेल त्याला. तूही त्याच्यासमोर रड, इतके महिने एकटीने केलंस ते पुरे झालं.

तुझ्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत, वय 34 आहे. त्याच्या तपासणीसाठी दोन-तीन महिने गेले तर बिघडत नाही. वर्ष मात्र घालवू नका.

आज रात्री काही वाचत बसू नकोस. रिपोर्ट त्याच्या हातात दे आणि आकडा त्याला स्वतः वाचू दे. अँड्रॉलॉजिस्टची, म्हणजे पुरुषांच्या प्रजनन-तक्रारींच्या डॉक्टरांची वेळ तो घेईल, त्याच्या फोनवरून, त्याच्या नावाने. दुसरा नमुना तो स्वतः लॅबमध्ये जाऊन देईल. हे सगळं होईपर्यंत तुझी इंजेक्शनं सुरू करायची नाहीत, आणि तसं डॉक्टरांना तू उद्या सकाळीच कळव.