केंडामा घ्यायचाय, पण लाकूड कुठलं?

प्रश्न : मला आणि माझ्या लेकीला दोघींनाही केंडामाचं जबरदस्त वेड लागलंय, म्हणजे ते जपानी लाकडी खेळणं, टोक असलेला दांडा, त्यावर आडव्या वाट्या आणि खाली एक वाटी, आणि दोरीने बांधलेला भोकाचा चेंडू, जो वाटीत किंवा टोकावर झेलायचा. सुरुवातीचा साधा सेट आता पार ठोकून निघालाय, म्हणून चांगला घ्यायचाय. ऑनलाइन बघायला गेले तर बीच, मेपल, ॲश, चेरी, अक्रोड, पर्पलहार्ट, बांबू, आणि प्रत्येक विकणारा म्हणतो आमचंच लाकूड बेस्ट. मला लाइटहाउससारख्या बॅलन्सच्या ट्रिक्स आवडतात, लेक धसमुसळी आहे, दिवसभर फरशीवर आपटत असते. दोघींना एकच लाकूड चालेल का?

उत्तर : चालेल, आणि ते लाकूड म्हणजे मेपल. हार्ड मेपल म्हणून जे विकतात ते. बीच मिळालं तरी बिनधास्त घ्या. बाकीची लाकडं वाईट नाहीत, पण त्यांचे जास्तीचे पैसे बहुतेक वेळा रंगाचे आणि रेषांचे असतात, खेळाचे नसतात.

कारण सांगते. केंडामा हे मुळात लेथवर कातलेलं खेळणं. आजचा जो आकार आहे त्याची नोंदणी जपानमधल्या कुरे गावच्या हामाजी एगुसा यांनी 1919 साली केली आणि पुढे तो बनायला लागला हात्सुकाइचीत, का, तर तिथे लाकूड कातणारे कारागीर आधीपासूनच होते. कातकामाला बारीक आणि एकसारख्या पोताचं लाकूड लागतं, म्हणजे वाटीची कड धारदार आणि स्वच्छ निघते, ढलप्या उडत नाहीत. बीच आणि मेपल दोन्ही नेमकी तशीच आहेत, त्यांची छिद्रं इतकी बारीक की चेंडूवरून बोट फिरवलं तर कुठे खडबड लागत नाही.

आता टणकपणा. लाकडाचा टणकपणा मोजायची जांका नावाची टेस्ट आहे, त्यात 11.28 मिलिमीटरची स्टीलची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. हार्ड मेपल साधारण 1450 पाउंड, ॲश 1320, अमेरिकन बीच 1300, काळा अक्रोड 1010 आणि चेरी 950 च्या आसपास. लेकीसारख्या आपटणाऱ्या खेळाडूच्या हातात चेरी किंवा अक्रोड दिला तर चेंडूवर लवकर खड्डे पडतील, दिसायला कितीही देखणा असला तरी. थोडी झीज चांगलीच असते हं, भोकाची कड जरा गोलसर झाली की टोक आत शिरायला सोपं जातं, पण मऊ लाकडात ती झीज तिथे थांबत नाही, कड खातच जाते. पर्पलहार्ट या सगळ्यांपेक्षा कितीतरी टणक, पण जडही, आणि जड चेंडू बोटांच्या सांध्यावर बसला की कळतं, त्यामुळे मुलांना मी तो देणार नाही.

ॲशबद्दल वेगळं बोलायला हवं कारण ते लाकूड मला मनापासून आवडतं. धक्का सोसण्यात ते पक्कं, बेसबॉलच्या बॅटी आणि हत्यारांचे दांडे त्याचे करतात ते उगाच नाही. पण वाढीच्या कड्यांमधे त्याची छिद्रं मोठी असतात आणि सारखा मार बसला की त्या कडीच्या बाजूने पापुद्रा सुटू शकतो. केनला, म्हणजे दांड्याला, ॲश उत्तम. चेंडूला मात्र माझं मत मेपललाच.

आणि खरं सांगू का, जातीच्या नावापेक्षा रेषा बघा. केन उजेडात धरा आणि टोकाकडच्या रेषांवर नजर ठेवा. रेषा टोकाच्या शेंड्यापर्यंत सरळ जात असतील तर छान, पण मधेच तिरक्या होऊन बाजूने बाहेर पडत असतील तर तो नग ठेवून द्या, मग ते मेपल असो नाहीतर आणखी काही, कारण एखाद दिवशी फरशीवर आपटला की टोक बरोबर त्याच तिरक्या रेषेवर तुटणार. ऑनलाइन घेताना टोकाचा जवळून काढलेला फोटो मागून घ्या, चांगला विक्रेता देतो.

तुमच्या लाइटहाउसचं म्हणाल तर तिथे लाकडापेक्षा रंग जास्त काम करतो. चेंडू हातात धरून केन त्याच्यावर उभा करायचा म्हणजे खालच्या वाटीच्या कडेला पकड हवी, आणि काचेसारख्या चकचकीत रंगावर ती घसरते. थोडा चिकटसर, रबरासारखा फिनिश असलेला चेंडू बघा, किंवा अजिबात रंग न दिलेला घ्या, खेळून खेळून त्यालाही छान पकड येते. आणि केन फार हलका, चेंडू फार जड अशी जोडी नको, दोन्ही एकाच लाकडाचे असले की वजनाचा मेळ बहुतेक जमतोच. बांबू हलका असतो, पट्ट्या चिकटवून बनवलेला असतो, मला तो हातात पोकळ वाटतो, पण ही आवडीची गोष्ट.

प्रश्न : टोकाचा बारीक तुकडा सुटायला आलाय आणि आडवी वाटी सैल झालीये. तेल लावू का?

उत्तर : तेल नको, चेंडू आणि वाट्या निसरड्या होतील. सुटत आलेल्या तुकड्याखाली पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेनेच घासा. टोक सुईसारखं करायच्या फंदात पडू नका, जितकं अणकुचीदार तितकं लवकर मोडतं. आडवी वाटी सैल होणं हवेमुळेही असतं, दमट हवेत लाकूड फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, बीचमधे हे जरा जास्तच जाणवतं. दोरी तिच्यातून गेलेली असते म्हणून ती निघून पडणार नाही, पण खडखडत असेल तर केनवर जिथे ती बसते तिथे कागदाची एक पातळ पट्टी गुंडाळा आणि वाटी परत दाबून बसवा. उन्हात किंवा बंद गाडीत मात्र ठेवू नका, तिथे चिरा पडतात आणि चेंडूला भोकापासून गेलेली चीर ग्लूने भरली तरी पुन्हा उघडते.