जपानमध्ये सज्ञान होण्याचा सोहळा १८ व्या वर्षी होतो की २० व्या?

तुम्ही विचारलंय की जपानने सज्ञानतेचं वय १८ केलं, मग सोहळ्याच्या फोटोंत सगळी मुलं विशीची कशी? कायदा बदलला, सोहळा मात्र बहुतेक ठिकाणी होता तिथेच राहिला.

१८७६ पासून तिथे वीस वर्षांना सज्ञान मानत. १ एप्रिल २०२२ पासून ते वय १८ झालं. आता अठराव्या वर्षी आईवडिलांच्या संमतीशिवाय मोबाइल, क्रेडिट कार्ड, भाड्याची खोली घेता येते. मतदान तर २०१६ पासूनच १८ ला आहे. दारू, सिगारेट आणि घोड्यांवर पैसे लावणं यासाठी मात्र अजूनही वीसच पूर्ण लागतात.

सोहळ्याची सुट्टी जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी असते (२००० सालाआधी ती १५ जानेवारीला असे). नेमकी त्याच सुमारास विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा. ऐन परीक्षेच्या तोंडावर कोणते आईबाप लेकीला नटवून मिरवायला पाठवतील? म्हणून बहुतेक नगरपालिकांनी वय वीसच ठेवलं आणि सोहळ्याचं नाव बदलून 'हाताची नो त्सुदोइ', म्हणजे विशीचा मेळावा, असं केलं.

खरा थाट कपड्यांचा. मुली फुरिसोदे नेसतात. हा अविवाहित मुलींचा किमोनो, बाह्या पार घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या. नवा घ्यायचा तर लाखो येन मोजावे लागतात, म्हणून पुष्कळजणी भाड्याने आणतात, तेही वर्ष वर्ष आधी ठरवून. काहीजणी आईचाच जपून ठेवलेला नेसतात. मला विचाराल तर तोच सगळ्यात देखणा दिसतो. त्या दिवशी पार्लरं पहाटे अंधारातच उघडतात. केस, मेकअप, मग पाठीवर ओबीची, म्हणजे किमोनोच्या रुंद कमरपट्ट्याची, फुलासारखी गाठ. ती चुरगळू नये म्हणून ट्रेनमध्ये जागा मिळाली तरी पाठ टेकायची नाही. गळ्याभोवती पांढरी लोकरीसारखी मऊ पट्टी, पायात झोरी, म्हणजे पारंपरिक सपाता. मुलगे बहुतेक सुटाबुटात, थोडे हाकामात, म्हणजे चुण्यांच्या घेरदार पारंपरिक वस्त्रात. किताक्यूशू शहराची पोरं मात्र सोनेरी-चंदेरी भडक पोशाखांसाठी देशभर प्रसिद्ध. २०१८ साली ऐन सोहळ्याच्या दिवशी किमोनो भाड्याने देणारी एक कंपनी दुकानं बंद करून गायब झाली आणि योकोहामा, हाचिओजीकडच्या कितीतरी मुली किमोनोशिवाय राहिल्या. देशभर हळहळ झाली.

मुळं शोधायची तर सरदार घराण्यांतल्या मुलांच्या गेनपुकू या वयात आल्याच्या विधीपर्यंत जाता येतं. आजचा सार्वजनिक सोहळा मात्र युद्धानंतरचा. १९४६ च्या नोव्हेंबरात साइतामा प्रांतातल्या वाराबी गावाने खचलेल्या तरुणांना उभारी द्यावी म्हणून मेळावा भरवला, तिथून ही प्रथा पसरली.

माझं मत विचाराल तर महापौरांचं भाषण हे निमित्त. मुलं येतात ती जुन्या शाळासोबत्यांना भेटायला. शिक्षणासाठी तोक्योला गेलेलीही गावी परततात. जिथे बर्फ फार पडतं, अशा काही गावांत म्हणूनच सोहळा ऑगस्टमध्ये, ओबोन या पितरांच्या सणाच्या सुट्टीत होतो. चिबा प्रांतातल्या उरायासू शहराची तर मजाच, त्यांचा सोहळा डिस्नेलँडमध्ये!

बघायला जायचं असेल तर कुठल्याही शहराच्या सभागृहाबाहेर उभे राहा, आत जायची गरज नाही. क्योतोत असाल तर जानेवारीच्या मध्यावर सांजूसांगेन्दो देवळात जा. तिथे फुरिसोदे-हाकामा घातलेल्या विशीच्या मुली ६० मीटरवरच्या लक्ष्यावर बाण सोडतात. फोटो काढण्याआधी तेवढं विचारा, बहुतेकजणी हसून पोझ देतात.